बॉनेटवरचं जाळं

काळी गाडी घेऊ नये, असं आमच्याकडे सगळेच सांगतात. नारायणगाव, मंचर, आळेफाटा, ओतूर या पट्ट्यात गाडी म्हटली की ती पांढरीच. पुढाऱ्याची पांढरी, टोमॅटोच्या आडत्याची पांढरी, लग्नसराईत भाड्याने सुटते तीही पांढरी. कारण विचारलं तर कुणी उन्हाचं नाव घेतं, कुणी पुढे विकताना येणाऱ्या किमतीचं. मला विचाराल तर खरं कारण धूळ. उन्हाळ्यात कांदा निघाला की ट्रॅक्टरमागून ती उठते, हिवाळ्यात उसाच्या गाड्यांमागून उठते, आणि कुठल्या ना कुठल्या टेकडीच्या पोटाशी खडी फुटत असतेच. पांढऱ्यावर ती खपून जाते. काळी गाडी रात्री धुऊन लावली तरी सकाळी काचेवर कुणीतरी बोटाने बदाम काढून गेलेलं असतं.

माझ्या वाट्याला आलेली गाडी काळीच आहे. पुण्याहून आणलेली, सेकंडहँड. आधीच्या मालकाने ती मनापासून जपली होती, म्हणजे रोज पुसून घेतली होती, आणि गोम तिथेच आहे. पुण्यातल्या सोसायट्यांत पहाटे बादली आणि फडकं घेऊन जो माणूस येतो त्याच्याकडे रांगेने गाड्या असतात आणि पाणी एका बादलीचं. पहिल्या गाडीची धूळ फडक्यातून दुसरीला, दुसरीची तिसरीला. त्याला बोल लावण्यात अर्थ नाही. महिन्याला जे पैसे त्याच्या हातावर ठेवतात त्यात कुणी गाडीगणिक पाणी बदलणार नाही. पण कोरड्या-ओल्या धुळीवरून फडकं रोज फिरलं की रंगावर बारीक ओरखडे पडत जातात. ढगाळ दिवशी त्यांचा मागमूस नसतो. संध्याकाळचं ऊन तिरपं होऊन बॉनेटवर आलं की उन्हाच्या त्या ठिपक्याभोवती गोल गोल रेषांचं जाळं उमटतं. डिटेलिंगवाले त्यांना स्वर्ल मार्क म्हणतात.

गंमत अशी की तिथे वर्तुळं नसतातच. ओरखडे सगळ्या बॉनेटभर असतात, आडवे-तिडवे, ज्याचा हात जसा फिरला तसे. प्रत्येक ओरखडा म्हणजे एक बारीक चर. त्याच्या कडेवर ऊन पडलं की ते चराला आडव्या दिशेने उडतं. त्यामुळे उजेडाच्या ठिपक्याभोवती जे चर वर्तुळाच्या रेषेत बसतात तेवढेच आपल्या डोळ्याकडे उजेड धाडतात. बाकीचे जागच्या जागी असून काळोखात राहतात. डोकं दोन वीत बाजूला घ्या, जाळंही बाजूला सरकतं. मघाचे ओरखडे विझतात, नव्हते ते पेटतात. घरातलं वापरून वापरून जुनं झालेलं स्टीलचं ताट दिव्याखाली धरलं तरी हाच खेळ दिसतो. पांढऱ्या गाडीवरही ओरखडे तितकेच असतात, फक्त पांढरा रंग आतूनच इतका उजेड परत फेकतो की त्या गर्दीत चरांचा उजेड वेगळा कळत नाही. पुढाऱ्यांच्या गाड्या स्वच्छ दिसतात त्याचं गुपित एवढंच.

आताच्या गाड्यांचा रंग थराथरांचा असतो. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सर्वांत वर क्लिअर कोट नावाचा पारदर्शक थर. सगळं मिळून जाडी साधारण १०० ते १५० मायक्रॉन, त्यात क्लिअर कोटचा वाटा ४०-५० मायक्रॉनचा. मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास भरतो. म्हणजे ज्या झळाळीवर आपण भाळतो ती केसाहून पातळ आहे. जुन्या फियाट आणि अ‍ॅम्बेसेडर गाड्यांना हा वरचा थर नसे. पॉलिश करताना फडक्यावर गाडीचा रंगच उतरायचा. लाल गाडी असली तर फडकं लाल. तेव्हा मालकाला निदान डोळ्यांनी दिसायचं की काहीतरी खर्ची पडतंय. आता फडक्यावर येतं ते पांढुरकं काहीतरी, आणि ते पॉलिश की गाडीची कातडी हे सांगता येत नाही.

ओरखडा बुजवता येत नाही. वॅक्स आणि ग्लेझ लावलं की त्यातलं तेल-मेण चरात बसतं, चार-सहा आठवडे गाडी नवरीसारखी मिरवते, मग आमच्याकडचा पाऊस सुरू होतो आणि चर पुन्हा उघडे पडतात. खरं पॉलिश वेगळं काम करतं. चराच्या आजूबाजूची जमीन ते खाली आणतं, थेट चराच्या तळापर्यंत. आपण म्हणतो ओरखडा निघाला. प्रत्यक्षात ओरखडा सोडून बाकी सगळं निघालेलं असतं. नख फिरवल्यावर जो ओरखडा नखाला लागतो तो इतका खोल असतो की त्याच्या तळापर्यंत जायचं तर वरचा थरच संपेल. त्याच्या वाटेला जाऊ नये. ऊन अडवणारी रसायनं याच थरात असतात, आणि हा थर एकदाच मिळतो.

मंचरच्या गॅरेजवाल्याला मी हे बोलून दाखवलं तेव्हा तो हसला. ‘सर, मशीन मारून देतो की. अर्ध्या तासात मोकळं.’ मशीन म्हणजे बफिंगचं. त्याच्या हातात कसब आहे, यात वाद नाही. पत्र्याचा पोचा आतून ठोकून काढून, लांबी भरून, वॉटर पेपर मारून तो असा बसवतो की दार मुळात चेपलं होतं हे शपथेवर सांगावं लागेल. पण मशीनला घाई असते. कंगोऱ्यावर, जिथे रंग मुळातच पातळ बसलेला असतो, तिथे ते क्षणभर जास्त रेंगाळलं तर तापून थर जळतो. आणि भर उन्हात चालवलं तर जुनी जाळी जाऊन पॅडच्या फेऱ्यांचे नवे पट्टे उमटतात. हाताने तापत नाही. हाताने एका वेळी एखादा मायक्रॉन निघतो, बहुतेकदा तोही नाही. हाताचा हा दुबळेपणाच मला सोयीचा वाटला.

काम सांगण्यासारखं काही नाही, तरी सांगतो, कारण त्यातली मजा तपशिलात आहे. गाडी सावलीत हवी आणि पत्रा हाताला गार लागला पाहिजे. आधी नुसत्या पाण्याने धूळ सोडवायची, फडकं लावायचंच नाही. मग शॅम्पूची एक बादली आणि फडकं खळबळून घ्यायला साध्या पाण्याची दुसरी. डांबराचे शिंतोडे रॉकेलच्या बोळ्याने आधी काढावे लागतात. नाशिक महामार्गावर कुठे ना कुठे डांबरीकरण चालूच असतं. यानंतर क्ले नावाची मऊ वडी ओल्या रंगावरून फिरवायची. धुऊनही जे रंगात रुतून बसलेलं असतं ते ती उचलून घेते. वडी उलटून पाहिली की काळे, तांबूस ठिपके दिसतात. काजळी, ब्रेकमधून झडलेलं लोखंड, आणखी काय काय. गाडी स्वच्छ आहे असं आपण म्हणत असतो तेव्हा हे सगळं तिच्यावर असतं.

मग पॉलिश. हातभर लांब आणि तेवढीच रुंद जागा घ्यायची, त्याहून मोठी नाही. फोमच्या गोल पॅडवर वाटाण्याएवढे तीन-चार ठिपके. पॅड बोटांनी दाबायचं नसतं, तळहाताखाली सपाट ठेवायचं. बोटांनी दाबलं तर चार बोटांच्या जागी जास्त कापलं जातं आणि मधे कमी. सुरुवातीला पॅड किंचित अडखळतं. पॉलिशमध्ये बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडचे कण असतात, आणि काही प्रकारांत ते घासता घासता फुटून आणखी बारीक होतात. तसे ते झाले की हाताला कळतं: पॅड सुटं होतं, आवाज मऊ होतो. तिथे थांबायचं. फिरवायचं गोल की सरळ, यावर जाणत्यांची दोन घराणी आहेत. सरळवाले म्हणतात, चुकून ओरखडा राहिलाच तर सरळ रेघ कमी दिसते. माझं मत असं की पॉलिश बारीक असेल तर दिशेने फरक पडत नाही, आणि भरड असेल तर कुठलीच दिशा वाचवत नाही. तरी मी सरळच फिरवतो. खांदा कमी दुखतो.

या कामाला लागलं की धुळीकडे पाहण्याची नजर बदलते. गाडीवर ओरखडे पाडले ते कठीण कणांनी, आणि ते काढायचे तेही कठीण कणांनीच. फरक आकाराचा आणि सारखेपणाचा. आमचा सगळा मुलूख काळ्या पाषाणाचा. नाणेघाटाचा कडा, शिवनेरी, लेण्याद्रीची लेणी, सगळं त्याच लाव्हाच्या थरांतलं. तो दगड दळून झालेली धूळ क्लिअर कोटपेक्षा कठीण असणारच. पण जुन्नर तालुक्यात याहून अजब एक पूड आहे. बोरी बुद्रुकला कुकडीच्या काठच्या गाळात ज्वालामुखीच्या राखेचा थर आहे. डेक्कन कॉलेजच्या अभ्यासकांनी १९८० च्या दशकात तो उजेडात आणला. त्याच ठिकाणी अश्मयुगीन माणसाची दगडी हत्यारंही मिळाली. ही राख सह्याद्रीची नाही. ती सुमात्रा बेटावरच्या तोबा ज्वालामुखीची, तीन हजार किलोमीटरहून अधिक अंतर वाऱ्यावर कापून आलेली. तिचं वय मात्र भांडणात अडकलं आहे: कुणी ७५,००० वर्षं म्हणतं, कुणी साडेसहा लाखांच्या वर जातं, कुणी चौदा लाखांच्या आसपास. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिलं तर ती काचेच्या वाकड्या चकत्यांची बनलेली दिसते, फुटलेल्या बुडबुड्यांच्या भिंती. ज्वालामुखीचीच दुसरी देणगी म्हणजे प्युमिस नावाचा सच्छिद्र दगड. त्याची पूड जगभर लाकूड गुळगुळीत करायला वापरतात, दाताचे डॉक्टर दात घासायलाही वापरतात. कुकडीकाठच्या रस्त्याने गाडी नेली की मागच्या काचेवर जी पुटं चढतात त्यात या पाहुण्या राखेचा एखादा कण असेल का, असा विचार माझ्या मनात येतो. असला तर त्याने माझ्या बॉनेटवर काय केलं असतं, याबद्दल शंका नाही.

कितपत गुळगुळीत म्हणजे गुळगुळीत? पॉलिश करणाऱ्याला हा प्रश्न सुटत नाही. एक हात मारला की आणखी एक मारावासा वाटतो. टॉर्च लावून पाहिलं की उन्हात न दिसलेलं दिसतं. भिंग घेतलं असतं तर आणखी दिसलं असतं. मी घेतलं नाही. या प्रश्नाचं उत्तर नारायणगावाहून खोडदच्या रस्त्याला लागलं की शेतांच्या वर उभं दिसतं.

खोडदची महादुर्बीण, म्हणजे जीएमआरटी, आमच्याकडे शाळेच्या सहलींमुळे सगळ्यांना माहीत आहे. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला तर तिथे जत्राच भरते. १९९० च्या दशकात गोविंद स्वरूप यांच्या कल्पनेतून उभ्या राहिलेल्या ३० तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. निम्म्याच्या आसपास तबकड्या खोडदला एकत्र, बाकीच्या तीन दिशांना फाकलेल्या, काही पार २५ किलोमीटरच्या पसाऱ्यात. पोरं जवळ जातात आणि हिरमुसतात. दुर्बीण म्हटल्यावर आरसा हवा, काच हवी. इथे तर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तशी जाळी. दोरांच्या सांगाड्यावर ताणून बांधलेली, जेमतेम अर्ध्या मिलिमीटरच्या स्टीलच्या तारेची, मधल्या भागात एक सेंटिमीटरची भोकं आणि कडेला दोन सेंटिमीटरची. तिच्यातून वारा आरपार जातो, पाऊस जातो.

आणि तरी तो आरसाच आहे. अवकाशातून येणाऱ्या ज्या रेडिओ लहरी ती दुर्बीण गोळा करते त्यांची लांबी सुमारे २१ सेंटिमीटरपासून दोन मीटरपर्यंत. अभियंत्यांचा ढोबळ हिशोब असा की पृष्ठभागातला उंचसखलपणा लहरीच्या लांबीच्या विसाव्या हिश्श्याच्या आत राहिला तर लहरीला तो पृष्ठभाग सपाट वाटतो. २१ सेंटिमीटरचा विसावा हिस्सा म्हणजे सेंटिमीटरभर. तेवढी भोकं, तेवढे उंचवटे त्या लहरीला कळतच नाहीत. २१ सेंटिमीटर ही हायड्रोजनच्या अणूतून निघणाऱ्या रेडिओ लहरीची लांबी. लांबच्या दीर्घिकांमधल्या हायड्रोजनची हाक ऐकायची तर खुराड्याची जाळी पुरते. माझ्या बॉनेटवर मात्र जे येऊन आदळतं ते ऊन, आणि त्याच्या लहरी अर्ध्या मायक्रॉनच्या. त्या लांबीचा विसावा हिस्सा काढला तर हातात काही उरत नाही. त्या लहरीपुढे माझ्या फडक्याचा प्रत्येक चर म्हणजे माळशेजचा घाट.

गोविंद स्वरूप यांची कमाल मला त्या आकड्यांपेक्षा या हिशोबात दिसते. चकचकीत पत्र्याच्या तबकड्या केल्या असत्या तर दिसायला भारी दिसल्या असत्या, वाऱ्याला अडल्या असत्या, वजनाने वाकल्या असत्या आणि तेवढ्या पैशांत तीस झाल्या नसत्या. लहरीला जितकं हवं तितकंच त्यांनी गुळगुळीत केलं, त्यापुढे हात आखडला. असा हात आखडणं किती अवघड असतं हे टॉर्च घेऊन बॉनेटवर वाकलेल्या माणसाला विचारावं.

जुन्नरला एक वेगळी चकाकीही होती, जिच्यात काहीच कमी होत नसे. जुन्नरी कागद. इंग्रजी अमदानीत, १८८५ साली निघालेल्या पुणे जिल्ह्याच्या गॅझेटियरात त्याची दखल आहे. पेशवाईच्या काळात हा कागद दफ्तरांत चाले. चिंध्या आणि तागाच्या लगद्याचा ताव काढून, वाळवून, त्यावर खळ चढवत. आणि ती सुकली की लाकडी फळीवर ठेवून गुळगुळीत दगडाने घोटत. इथे दगड काही खरवडून काढत नाही, तंतू दाबून बसवतो. ताव जेवढ्याला तेवढाच राहतो, नुसता आवळला जातो. मोडी लिहिताना बोरू सहसा उचलायचा नसतो, ओळ धावत राहते; कागदाला लव असती तर बोरूचं टोक अडकलं असतं आणि शाई फुटली असती. घोटणाऱ्याचा दगड किती वेळ फिरायचा हे त्या टोकाने ठरवलेलं होतं. कारकुनाला कागदात आपला चेहरा पाहायचा नव्हता.

गाडीचं मात्र तसं नाही. तिथे चेहराच पाहायचा असतो. पॉलिश झालेल्या दारासमोर उभं राहून केस नीट न करणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही, आणि यात बायकांपेक्षा पुरुष पुढे आहेत. खंडेनवमीला तर प्रत्येक घरापुढे हा सोहळा असतो. गाड्या, ट्रॅक्टर, जेसीबीसुद्धा धुऊन उभे, हळद-कुंकू, नारळ, आणि झेंडूची माळ. माळेची तार बॉनेटवर पहिल्याच वळणाला घासते आणि वर्षाचा पहिला ओरखडा देवाच्या नावाने पडतो. त्याबद्दल कुणी तक्रार करत नाही. मीही माळ घालतो, फक्त तारेच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळतो.

हे सगळं डोक्यात घोळवून मी माझ्यापुरती एक मर्यादा आखली. उभ्या माणसाच्या नजरेला, हातभर अंतरावरून, संध्याकाळच्या उन्हात जे दिसेल तेवढं काढायचं. टॉर्च बंद. बॉनेट, चारी दारं, डिकी, दोन्ही बाजूंचे मडगार्ड. डाव्या दारावर नखाला लागणारी एक लांब रेघ आहे, बहुधा कुणाच्या किल्लीची किंवा बाभळीच्या फांदीची. ती तशीच ठेवली. तिच्या काठावरची धार तेवढी पॉलिशने बोथट झाली, त्यामुळे ती आता पांढरी चमकत नाही, नुसती असते. बंपर प्लॅस्टिकचे, त्यावरचा रंग पत्र्यावरच्या रंगासारखा वागत नाही, म्हणून तिथे हात हलका. आणि छपराला हातच लावला नाही. छप्पर सर्वांत जास्त ऊन खातं, म्हणजे तिथला थर सर्वांत आधी थकणार; आणि नारायणगावात गाडीचं छप्पर पाहतो कोण? माकडं आणि कावळे. दोघांचीही मतं मी विचारात घेतली नाहीत.

पॉलिश संपलं त्या दिवशी गॅरेजवाला काही कामाने इकडे आला होता. त्याने गाडीभोवती एक फेरी मारली, मान तिरपी करून बॉनेट पाहिलं, तळहाताची उलटी बाजू दारावरून फिरवली आणि म्हणाला, ‘हाताने केलंय होय? बरं झालंय.’ त्याच्या तोंडून हे म्हणजे बरंच. मग त्या लांब रेघेपाशी थांबला. ‘एवढी राहिली की.’

‘राहू दे,’ मी म्हणालो. ‘ती काढायला गेलो तर दार जाईल.’

‘तेही खरं,’ म्हणाला, आणि खिशातून फोन काढून दारातल्या प्रतिबिंबात मिशी नीट करून फोटो घेतला.

आमच्या वरच्या मजल्यावर काकू राहतात. गॅलरीत धान्य निवडत बसतात; त्यांची नजर खाली असते आणि चुकत नाही. मी बादल्या आवरत होतो तर वरून हाक आली.

‘काय हो सर, एवढं घासलंत सगळं, अन् छपराचं विसरलात का? इथनं नुसती जाळी दिसतीय उन्हात.’

मी वर पाहिलं. काकूंच्या बाजूने ऊन बरोबर तिरपं होतं. पॉलिशच्या डबीत अजून पाव भाग शिल्लक आहे, आणि स्टूल शेजारच्यांकडून आणावं लागेल.